माझ्याकडे चालतंय

फोंड्याला, तिस्कावर, टायरच्या दुकानाच्या डोक्यावर
दुसरा मजला, पंखा एक, आणि एकच पान
अकरा खिडक्यांतून माझ्याकडे बघणारं.
पाणीपट्टी भरायचं पान. निळा मथळा, नळाचं चित्र,
खाली 'पुढे'.

एकशे वीसमध्ये सगळं जागच्या जागी.
नव्वदमध्येही, थोडं अंग चोरून.
साठमध्ये 'ग्राहक क्रमांक'मधला क्र
सुटून पडतो, त्याला मी तक्रार क्रमांक देते.
एकोणपन्नासमध्ये
'पुढे' मागे जातं.
नळाच्या चित्रामागे, पुरतं.

रुद्रेश पर्वरीहून लिहितो, माझ्याकडे चालतंय
नेहमी एवढंच लिहितो, शेवटी टिंबही देत नाही.
मी चित्र पाठवते. तो विचारतो, एकोणपन्नास कोण वापरतं?
हजारात तीन, मी म्हणते.
मग राहू दे

राहू दिलं असतं.
पण त्या तिघांतला एक
दर मंगळवारी साडेदहाला येतो,
तासाभरात चौदा बिलं भरतो आणि जातो.
न दिसणाऱ्या बटणावरून.

नोंदी धुंडाळत गेले तर नेत्रावळी.
दूध सोसायटीचा संगणक, त्याची विंडोज इतकी जुनी
की एकोणपन्नासच्या वर ब्राउझर चढतच नाही,
घाटात दम टाकलेल्या टेम्पोसारखा.
फोन गोकुळदास वेळीपांनी उचलला.
मागे कॅन आपटत होते.

बटण दिसतं का तुम्हाला?
"दिसना गो बाय," म्हणाले, "पूण आसा."
शेवटचा आकडा भरायचा, मग टॅब सात वेळा,
मोजून, मग एंटर.
आठव्यावर गेलं की सगळं पुसतं, परत पहिल्यापासून.
कुणी शिकवलं? कुणी नाही. एकदा बोट चुकलं नि सापडलं.
वाड्यावरची चौदा घरं बिलं त्यांच्याकडेच देतात,
कुणाची म्हैस व्यायली तर खरवस येतो, एवढीच दलाली.
मी म्हटलं, आम्ही दुरुस्त करू.
"कित्याक? चलता न्हय."

चालतं.
पर्वरीतही तेच क्रियापद, नेत्रावळीतही.
रुद्रेशचं म्हणजे, माझ्यापुढे आणू नकोस.
वेळीपांचं म्हणजे, आम्ही चालवतो.
मी दोन्ही ऐकून तक्रारीपुढे लिहिलं: तातडीची.

गुरुवारी 'पुढे' पुढे आलं.
अकराच्या अकरा खिडक्या नीट.
मी तक्रार मिटवली, खाली उतरून
पातळ भाजी-पाव खाल्ला, वर एक मिरची जास्तीची घेतली.

मंगळवार, साडेदहा.
रद्द. रद्द. रद्द.
बटण पुढे आणताना रुद्रेशनं मधला एक दुवा काढला होता,
कुणी दाबतच नव्हतं म्हणाला, आणि ते खरंही होतं.
'पुढे' सहाव्यावर सरकलं. सातव्यावर आता पुसणारं.
आणि वेळीप काही पडद्याकडे बघत नव्हते,
त्यांची नजर बोटांवर होती,
आठ महिन्यांची सवय.

या वेळी फोन त्यांचा आला.
रागावलेले नव्हते, तेच जड गेलं.
"आता दिसता गो," म्हणाले. "पूण थंय ना."

तो दुवा परत लावून घेतला, रिकामा, कुठेच न जाणारा.
यादीत एक चाचणी वाढवली, दोनशे बारावी.
नाव विचारतात तिथे लिहिलं, वेळीप.
काय अपेक्षित: सात टॅब, एंटर, पावती.
हे काय नवीन, रुद्रेशनं विचारलं.
काढलंस तर माझ्याकडे चालणार नाही, मी लिहिलं.
टिंब देऊन.

आता दर आवृत्तीला, घरी जायच्या आधी,
एकोणपन्नास उघडते, शेवटचा आकडा भरते,
मॉनिटरचं बटण दाबून पडदा काळा करते
आणि मोजते.
खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत असतं.
चार.
पाच. सहा.